एका मुंबईचे दोन बिशप: ‘होली सी’चा कारभार समजून घेण्यासाठी एक प्रकरण

१८५३ च्या मार्चमध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये एक बिशप स्वतःला कोंडून घेऊन बसले होते. नाव अनास्टासियस हार्टमान. मूळचे स्वित्झर्लंडचे, कॅप्युचिन या धर्मगुरूंच्या संघाचे, आणि तेव्हा मुंबईत पोपच्या वतीने कारभार पाहणारे प्रशासक. बाहेर वेढा घालून बसलेली माणसं परधर्मी नव्हती, ती कॅथलिकच होती. त्यांनी दारं अडवली, आत जाणारी रसद तोडली. हे चर्च फुटिरांच्या हाती देण्यापेक्षा इथंच हुतात्मा होईन, असं हार्टमान सांगत राहिले. पंधरा दिवस असेच गेले. शेवटी मुंबई सरकारला मध्ये पडावं लागलं. दारं उघडली, आणि ताबा मिळाला तो वेढा घालणाऱ्यांना.

आतले बिशप पोपच्या नावाने बसले होते. बाहेरचे लोकही पोपलाच मानत होते, फक्त त्यांचे बिशप गोव्याचे. दोघांकडेही रोमचेच कागद होते. एकाच शहरात, एकाच पंथात, एकाच पोपच्या नावाने दोन सत्ता असं का झालं आणि ते सव्वाशेहून अधिक वर्षं का टिकलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. मुंबईच्या इतिहासात हा भाग ‘दुहेरी अधिकार’ म्हणून येतो. पोपचा धर्मकारभार म्हणजे प्रत्यक्षात कोण आणि तो हुकूम कसा चालवतो, हे कळायला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आधी ही ‘होली सी’ म्हणजे कोण

‘व्हॅटिकनने अमुक यांची बिशपपदी नेमणूक केली’ अशी बातमी आपण नेहमी वाचतो. ढोबळमानाने ते चालून जातं. पण व्हॅटिकन सिटी हे ४४ हेक्टरचं राज्य ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारातून जन्माला आलं. बिशप त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून नेमले जात होते. ते नेमते होली सी. ‘सी’ म्हणजे समुद्र नव्हे. लॅटिन ‘सेदेस’, म्हणजे आसन. मराठी माणसाला हे समजवायला फार कष्ट पडू नयेत, कारण आपल्याकडे ‘गादी’ आहे. गादीवरचा माणूस जातो, गादी राहते. तिने केलेले करार, दिलेल्या सनदा आणि घेतलेली कर्जंही राहतात. पोपचं निधन झालं की आसन रिकामं असल्याचं जाहीर होतं, पण होली सी संपत नाही.

चर्चच्या कायद्यात या नावाचा अर्थ आणखी रुंद आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचं कलम ३६१ सांगतं की ‘होली सी’ किंवा ‘अपोस्टॉलिक सी’ या नावात एकटे पोप येत नाहीत. संदर्भावरून वेगळं दिसत नसेल तर त्यांचं सचिवालय आणि रोमन कुरियाची, म्हणजे पोपच्या मध्यवर्ती कारभाराची, खातीही येतात. म्हणजे होली सी बोलली असं म्हणताना पोप बोलले की त्यांचं एखादं खातं, हे दर वेळी तपासावं लागतं. मुंबईचं भांडण याच फटीतून वाढलं. एका बाजूच्या हातात पोपनी राजाला दिलेल्या सनदा होत्या, दुसरीच्या हातात पोपच्या एका खात्याचे आदेश.

राजाचा हक्क

पंधराव्या-सोळाव्या शतकात पोर्तुगालची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे निघाली, तेव्हा रोमकडे ना जहाजं होती ना पैसा. पोपनी पोर्तुगालच्या राजाशी एक व्यवहार केला. राजाने चर्चं बांधायची, धर्मगुरूंचा प्रवास आणि निर्वाह सांभाळायचा. बदल्यात त्या मुलखातल्या बिशपांची नावं सुचवण्याचा हक्क त्याचा. पोपनी ती मंजूर करायची. हाच पाद्रोआदो. १५१४ मध्ये लिओ दहावे यांनी त्याला भक्कम रूप दिलं. १५३० च्या दशकात गोव्याचा धर्मप्रांत झाला. त्याची हद्द कागदावर आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपासून थेट चीनपर्यंत होती. १५५८ मध्ये गोव्याला आर्चबिशप मिळाले. वसई, साष्टी, मुंबई, सगळं त्यांच्याखाली आलं.

शतकभरात रोमला या व्यवहाराचा पश्चात्ताप होऊ लागला. पोर्तुगालची ताकद ओसरत होती, पण हक्क मात्र तसाच होता. १६२२ मध्ये ग्रेगरी पंधरावे यांनी धर्मप्रसारासाठी एक नवं खातं उभं केलं, प्रोपागांडा फिदे. मिशनचं काम राजांच्या हातून काढून रोमच्या हाती आणायचं, हा त्यामागचा उघड हेतू होता.

पण पाद्रोआदोच्या मुलखात बिशप नेमायचा तर राजाची शिफारस लागणार. इथं प्रोपागांडाने जी युक्ती काढली ती खास रोमची आहे. हक्क कशाचा, तर धर्मप्रांताचा बिशप सुचवण्याचा. मग धर्मप्रांत स्थापायचाच नाही. पोपचा प्रतिनिधी म्हणून एक माणूस पाठवायचा, त्याला बिशपपदाची दीक्षा द्यायची, पण किताब लावायचा दूरच्या, लयाला गेलेल्या एखाद्या प्राचीन नगराचा. असा माणूस म्हणजे व्हिकर अपोस्टॉलिक. त्याचा अधिकार स्वतःचा नसतो, पोपच्या वतीने चालवलेला असतो. राजाचा हक्क शब्दशः अबाधित राहतो, आणि त्याच्या शेजारी दुसरी सत्ता उभी राहते.

भारतातले या पद्धतीचे पहिले बिशप गोव्याच्या दिवाडी बेटावरचे ब्राह्मण ख्रिस्ती होते, मातेउश द कास्त्रु. गोव्यात पुढे जाण्याची वाट बंद दिसल्यावर ते रोमला गेले, तिथंच धर्मगुरू झाले, आणि १६३७ मध्ये ‘क्रिसोपोलिस’चे नामधारी बिशप आणि आदिलशाही मुलखाचे व्हिकर म्हणून परतले. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्यांचा अधिकार मानला नाही. ते हद्दीपलीकडे, आदिलशाहीतल्या डिचोलीत राहिले. मुंबईच्या आजच्या महाधर्मप्रांताचं मूळ याच व्हिकरपदापर्यंत जातं. ज्या चर्चला पुढे ‘परक्या मिशनऱ्यांची बाजू’ म्हणून हिणवलं गेलं, तिचा आरंभ एका गोवेकराच्या गाऱ्हाण्यातून झाला, हे त्या हिणवणाऱ्यांनी सोयीस्करपणे विसरलेलं दिसतं.

कंपनी सरकार पंच होतं

१६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६८ मध्ये कंपनीकडे. कॅथलिकांना धर्म पाळायची मोकळीक करारातच होती. पण त्यांचे धर्मगुरू पोर्तुगीज फ्रान्सिस्कन, आणि त्यांचे वरिष्ठ गोव्यात, पोर्तुगालच्या राजाशी बांधलेले. कंपनीला त्यांच्यावर संशय. १७२० मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यांनी फ्रान्सिस्कनांना बेटावरून काढलं आणि प्रोपागांडाच्या बाजूच्या कार्मेलाइट संघातल्या इटालियन धर्मगुरूंना चर्चं दिली. कार्मेलाइटांच्या धर्मज्ञानाचं कंपनीला काही पडलं नव्हतं. त्यांच्यामागे पोर्तुगालचा राजा नव्हता, एवढं पुरे होतं.

लोकांपैकी अनेकांना हा बदल पटला नाही. अर्ज गेले. १७८९ मध्ये लंडनच्या संचालकांच्या हुकमाने चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांना परत मिळाली. १७९१ मध्ये पुन्हा कार्मेलाइटांकडे. १७९४ मध्ये सरकार कंटाळलं असावं. चार मुख्य चर्चं होती, ती दोन-दोन वाटून टाकली. दुहेरी अधिकार सुरू झाला तो असा, एका प्रॉटेस्टंट व्यापारी कंपनीच्या वाटपातून.

रोमने हे वाटप केलं नव्हतं, पण मोडलंही नाही. पोपच्या सत्तेचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर एका शिखरावरून खाली उतरणाऱ्या हुकमाचं असतं. ‘पोपशाही’ हा आपल्या पाठ्यपुस्तकांतला शब्दही तोच ठसा उमटवतो. युरोपातल्या धर्मसुधारणेच्या धड्यातून तो आला आणि त्या भांडणाचा राग अंगात घेऊनच राहिला. प्रत्यक्षात मुंबईतल्या चर्चच्या किल्ल्या कुणाकडे राहतील हे लंडन, लिस्बन, गोवा आणि रोम अशा चार ठिकाणी ठरत होतं, आणि चारांत रोमचं पत्र बहुधा सगळ्यात उशिरा पोचायचं.

या वाटपाने एक विचित्र गोष्ट झाली. एरवी धर्मप्रांत म्हणजे जमीन. तुम्ही ज्या हद्दीत राहता तिथले बिशप ते तुमचे बिशप. मुंबईत अधिकार जमिनीला चिकटून राहिला नाही, माणसांना चिकटला. एकाच वस्तीत एक कुटुंब गोव्याचं, शेजारचं प्रोपागांडाचं. वांद्र्याच्या हिल रोडवर सेंट अँड्र्यू आणि सेंट पीटर ही दोन चर्चं इतकी जवळ का, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. पहिलं सोळाव्या शतकातलं, पाद्रोआदोच्या परंपरेतलं. दुसरं एकोणिसाव्या शतकातलं, प्रोपागांडाच्या बाजूने आलेल्या जेझुइट संघाचं.

१८३८ चं फर्मान

पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले, रोमशी संबंध तुटले. भारतातल्या पाद्रोआदोच्या गाद्या रिकाम्या पडत गेल्या. २४ एप्रिल १८३८ रोजी ग्रेगरी सोळावे यांनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ हे फर्मान काढून कोची, क्रांगानोर आणि मैलापूर इथला पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला आणि व्हिकरांना दिला.

गोव्याच्या धर्मगुरूंनी ते मानलं नाही. त्यांचा युक्तिवाद मुळीच पोकळ नव्हता. हक्क फुकट मिळालेला नाही, म्हणाले. राजांनी पिढ्यानपिढ्या खर्च करून तो कमावला. करार दोघांत झाला असेल तर एकाने तो कसा मोडायचा? शिवाय पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे पोपचं कुठलंही पत्र राजाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही, आणि या पत्राला ती नाही. प्रोपागांडावाल्यांचं उत्तर सरळ होतं. हक्क पोपनी दिला, पोप तो काढू शकतात; आणि ज्या राजाने स्वतःच संघ मोडले, त्याने आश्रयदाता म्हणवून घेऊ नये.

रोमने या विरोधाला ‘गोव्याची फूट’ म्हटलं. तेच नाव पुस्तकांत रुळलं. मला ते अन्यायाचं वाटतं. पंथ सोडावा, दुसरा पोप मानावा, असं कुणी म्हणत नव्हतं. वाद होता तो दिलेला शब्द परत घेता येतो का, एवढाच. तो धर्मश्रद्धेचा वाद नाही, कायद्याचा आहे. अर्थात गोव्याची बाजूही साधुसंतांची नव्हती. १८४४ मध्ये गोव्यात आलेले आर्चबिशप झुझे मारिया द सिल्वा तोर्रिश यांनी थोड्या काळात इतक्या लोकांना धर्मगुरूची दीक्षा दिली की रोमला ती भरती वाटली. पुढे त्यांना परत बोलावून घेण्यात आलं.

माहीमचा वेढा याच तापलेल्या वातावरणातला. त्या सुमारास मकावचे बिशप मुंबईत येऊन पाद्रोआदोच्या बाजूने धर्मविधी करून गेले होते. ९ मे १८५३ रोजी पायस नववे यांनी ‘प्रोबे नोस्तिस’ या पत्रात त्यांना आणि चार धर्मगुरूंना नावानिशी खडसावलं, बहिष्काराची तंबी दिली. हार्टमान लढाऊ माणूस होते. १८५० मध्ये त्यांनी मुंबईत ‘कॅथलिक एक्झामिनर’ हे पत्र सुरू केलं होतं. ते साप्ताहिक पुढे ‘एक्झामिनर’ नावाने चालू राहिलं. रोमचा शब्द पाळणाऱ्या या बिशपांना चर्च मात्र गमवावं लागलं, कारण दाराची किल्ली शेवटी न्यायाधीश आणि पोलिसांच्या हातात होती.

आणि मग २१ फेब्रुवारी १८५७ रोजी रोमने पोर्तुगालशी करार केला, ज्यात पाद्रोआदो पुन्हा मान्य झाला. एकोणीस वर्षांपूर्वी जे एकतर्फी काढून घेतलं, त्यावर पुन्हा त्याच माणसासमोर बसून बोलणी करावी लागली. गोव्याच्या धर्मगुरूंचा कायद्याचा मुद्दा रोमने तोंडाने कधी मान्य केला नाही, कृतीने केला.

जमीन नसलेल्या पोपचा करार

२० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्याने रोम घेतलं. पोपचं राज्य संपलं. यापुढे एकोणसाठ वर्षं पोपकडे मान्यताप्राप्त असं स्वतःचं राज्य नव्हतं. तरी २३ जून १८८६ रोजी लिओ तेरावे यांच्या होली सीने पोर्तुगालशी पुन्हा सार्वभौम सत्तेसारखा करार केला, आणि १ सप्टेंबरला भारतात नियमित धर्मप्रांतांची रचना जाहीर केली. मुंबईला आर्चबिशप मिळाले, जॉर्ज पोर्टर. पुणे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. व्हिकरांची जुनी तडजोड इथं संपली.

होली सी आणि व्हॅटिकन हे दोन वेगळे का, याचं उत्तर या तारखांत आहे. राज्य नसताना करार झाला, कारण करार राज्याने केलाच नव्हता, गादीने केला होता. संयुक्त राष्ट्रांत १९६४ पासून कायम निरीक्षक आहे ती होली सी. आपल्या दिल्लीत पोपचे राजदूत म्हणून जे नुन्शिओ असतात तेही होली सीचे. मराठीत लिहिताना मी एवढाच विवेक ठेवतो: टपाल तिकिटं, संग्रहालय, रक्षक यांचं बोलायचं असेल तर व्हॅटिकन, नेमणूक, करार, धर्मकारभार असेल तर होली सी, आणि खात्यांचं बोलायचं असेल तर कुरिया.

मुंबईचा प्रश्न मात्र १८८६ च्या करारानेही सुटला नाही. पोर्तुगालला गप्प करण्यासाठी बरंच दिलं गेलं. गोव्याच्या आर्चबिशपांना ‘ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क’ हा आर्चबिशपाहून वरच्या मानाचा किताब, दमणचा नवा धर्मप्रांत, आणि मुंबईतल्या पाद्रोआदोच्या चर्चांवर त्या दमणच्या बिशपांचा अधिकार. साष्टी आणि वसईही त्यांच्याकडे. दुहेरी अधिकार आता पोपच्याच सहीने पक्का झाला.

झळ बसली ती दुसऱ्यांना. सिलोनमधली पाद्रोआदोची चर्चं प्रोपागांडाकडे गेल्यावर तिथले लोक बिथरले. गोव्याच्या वेर्ण्याचे धर्मगुरू आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिश रोमपासून वेगळे झाले आणि १८८९ मध्ये कोट्टायममध्ये केरळच्या सीरियन ख्रिस्त्यांच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स परंपरेकडून ‘मार जुलियस’ या नावाने बिशप झाले. पोर्तुगालच्या राजाचा हक्क वाचवायला निघालेला माणूस अखेर सीरियन परंपरेच्या बिशपाचा झगा घालतो, हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात अस्वस्थ करणारा वळसा. मुंबईत, त्याच सुमारास, १८८७ मध्ये इथल्या मूळ मराठीभाषक कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन संघटना उभी केली. गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे, हे सरकारदरबारी ठसवायचं होतं. त्यामागे नोकऱ्यांची स्पर्धा होती हे खरं, पण साष्टीचे कितीतरी ईस्ट इंडियन स्वतः पाद्रोआदोचे होते, त्यामुळे ‘ईस्ट इंडियन म्हणजे प्रोपागांडा, गोवेकर म्हणजे पाद्रोआदो’ असं सोपं समीकरण कुणी मांडलं तर मानू नये.

गाठ सुटते

१५ एप्रिल १९२८ च्या कराराने दमणचा धर्मप्रांत मोडला. मुंबईत एकच आर्चबिशप राहणार असं ठरलं, पण एका अटीवर: एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. मुंबईच्या कॅथलिकांचा प्रमुख आळीपाळीने दोन परक्या देशांचा, भारतीय मात्र नाही! पहिली पाळी झुआकिं लिमा या पोर्तुगीज जेझुइटांची, १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइटांची. पुढची पाळी पुन्हा पोर्तुगीज माणसाची येणार होती.

रॉबर्ट्स यांनी जे केलं ते शांतपणे केलं. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस त्यांचे साहाय्यक बिशप झाले. कारभार त्यांच्याकडे सोपवून रॉबर्ट्स मुंबईबाहेर गेले, पण पद लगेच सोडलं नाही. पद रिकामं झालं असतं तर कराराप्रमाणे लिस्बनचा हक्क जागा झाला असता. मधल्या काळात भारत स्वतंत्र झाला, आणि आपल्या देशातल्या बिशपांच्या नेमणुकीत परक्या सरकारने नाक खुपसावं हे नव्या सरकारला रुचणारं नव्हतं. १८ जुलै १९५० रोजी पोर्तुगालने आपले हे हक्क सोडले. त्याच वर्षी रॉबर्ट्स यांचा राजीनामा आला आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

१८३८ मध्ये पोपनी फर्मान काढून जे साधलं नाही, ते १९५० मध्ये समोरच्याची सही घेऊन साधलं. होली सीला आपल्या कायद्यात सर्वोच्च अधिकार आहे, पण तिची सवय कराराची आहे. जुना हक्क ती सहसा रद्द करत नाही, त्याची किंमत देऊन विकत घेते, आणि ती किंमत बऱ्याचदा किताबाच्या रूपात देते. प्रोपागांडाचं तर २०२२ मध्ये नावासकट नवीन खात्यात विलीनीकरण झालं. त्या नव्या खात्याचे प्रमुख स्वतः पोप.

१९९८ मध्ये मुंबईतून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला, तेव्हा लिस्बनला विचारायचा प्रश्नच नव्हता. गोव्याला जास्त वाट पाहावी लागली. १९६१ नंतर पोर्तुगीज पॅट्रिआर्क निघून गेले, पण गोवा भारताचं आहे हे पोर्तुगालने डिसेंबर १९७४ च्या करारात मान्य करेपर्यंत होली सीने गोव्याला नवा आर्चबिशप दिला नाही, प्रशासकांवर भागवलं. पॅट्रिआर्कांचा राजीनामा १९७५ मध्ये आला आणि राऊल गोन्साल्विस १९७८ मध्ये आर्चबिशप झाले. पुणे धर्मप्रांतातून २००५ मध्ये निघालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुढच्या वर्षी गोव्याच्या प्रांताला जोडला गेला, आणि महाराष्ट्राचा एक तुकडा पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपांच्या छत्राखाली आला. त्यांच्या नावापुढे १८८६ साली पोर्तुगालच्या समाधानासाठी दिलेला पॅट्रिआर्कचा किताब अजून आहे.